शरद भियांचा मुक्त साठा

शरच्चंद्र दफ्तरदारांना आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलं होतं, पण 'तुम्ही मराठी नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हटलं फोनने. झालं होतं इतकंच, की घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं होतं आणि फोनशी मराठीत बोललं की तो कामं करतो असं शरदरावांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि ज्या मराठीत त्यांचे आजोबा, पणजोबा आणि इंदूरला होळकरांच्या दफ्तरात बसलेले खापरपणजोबा बोलत आले, त्या मराठीत सांगितलं, "भिया, उद्या सुबेच उठवून दे ना, नळाला नर्मदेचं पाणी लवकर येऊन राहिलंय."

फोन एका गोड बाईच्या आवाजात म्हणाला, "क्षमा कीजिए, क्या आप हिंदी में बात करना चाहेंगे?"

शरदरावांना वाटलं, आपला उच्चार चुकला. त्यांनी घसा साफ करून पुन्हा सांगितलं. फोनने पुन्हा क्षमा मागितली. तिसऱ्या वेळी तर त्याने नर्मदा नदीची लांबी सांगितली. शरदराव फोन पालथा ठेवून पलंगावर बसले. वीज खात्यातल्या नोकरीत त्यांनी मोठमोठ्या साहेबांचे अपमान पचवले होते, पण तो पगाराचा भाग होता. हा अपमान फुकटचा होता. पुण्याची चुलत बहीण आली की म्हणायची, "तुमचं मराठी किती गोड आहे रे, ऐकून मजा वाटते," तेव्हाही ते त्यांना असंच लागायचं. महाराष्ट्रात गेलं की हे हिंदीवाले आणि इंदुरात हे मराठीवाले. आता यंत्रसुद्धा बहिणीच्या बाजूचं निघालं.

ही जखम त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनसमोर उघडी केली. मोहन सबनीस हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, निवृत्त ऑडिटर. दोघं रोज सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खायला भेटत. मोहनराव आधी पोचायचे आणि बाकावर आपली कापडी पिशवी ठेवून शरदरावांची जागा धरायचे. टपरीला गर्दी असो नसो, पिशवी असायची. मोहनरावांना शिस्तीचं वेड होतं आणि गाण्याचंही. दरवर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते एक पद गात. ते आलाप घेऊ लागले, की सभागृहाबाहेर भुट्ट्याच्या किसाच्या स्टॉलवर एकदम रांग लागायची. पहिल्या रांगेत न हलता शेवटपर्यंत बसणारा माणूस एकच, शरदराव. ते मान डोलवायचे, वेळेवर 'वा' म्हणायचे. मैत्री म्हणजे काय हे लोक त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत.

"आपल्या बोलीचं एक मशीन आपणच बनवलं पाहिजे," मोहनराव पोह्यांवर जिरावन मसाला शिंपत म्हणाले. "तुझ्या वरच्या मजल्यावरची पोरगी हेच काम करते ना?"

वल्लरी ही दफ्तरदारांची भाडेकरू. मूळची साताऱ्याची, विजय नगरच्या एका कंपनीत एआयचंच काम करणारी. तिला ही कल्पना इतकी आवडली की ती जिन्यातच उभी राहून समजावू लागली. एक तयार मॉडेल घ्यायचं आणि त्याला इथलं बोलणं भरपूर ऐकवायचं. सून बाहेरून आली तरी सासरच्यांचं ऐकून ऐकून त्यांच्यासारखी बोलू लागते, तसंच ते. "फक्त एक अट आहे काका," ती म्हणाली. "बनवलं की ते मुक्त ठेवायचं. ओपन सोर्स. कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं."

"अरे, ठेवू ना!" शरदराव म्हणाले. "आपल्याला काय तिजोरीत ठेवायचंय?" माणसानं जिन्यात उभं राहून शब्द देऊ नये, हे त्यांना पुढं फार पटलं.

बोलणं गोळा करायचं कसं, हा पहिला प्रश्न. मंडळातल्या लोकांना समोर फोन ठेवून 'बोला' म्हटलं, की ते आकाशवाणीवर बोलावं तसं बोलायचे. नानासाहेब, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, यांनी तर ध्वनिमुद्रणात 'तद्वतच' असा शब्द वापरला. इंदुरी मराठी फोन बघितला की लाजून आत पळायची. तोडगा काढला शरदरावांच्या पत्नीने, शशिकलाबाईंनी. "आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. वल्लरी, गौरीमागे ठेवून दे फोन. पाहिजे तेवढी मराठी मिळेल."

वल्लरी तत्त्वाची मुलगी. न विचारता कुणाचं बोलणं घ्यायचं नाही, म्हणून ती स्वतः दारात उभी राहिली. शशिकलाबाई हळदीकुंकू लावायच्या, हातावर अत्तर लावायच्या, आणि वल्लरी विचारायची, "आजचं बोलणं आम्ही मॉडेलसाठी घेतोय, चालेल ना?" आलेल्या प्रत्येकीने कपाळ पुढं करून 'हो' म्हटलं. एकीनेसुद्धा नाही म्हटलं नाही. वल्लरीला या सहकार्याचं फार कौतुक वाटलं. मग कैरीची डाळ आली, पन्हं आलं, ओटीत हरभरे पडले आणि गौरीमागचा फोन कृतकृत्य झाला. तसंच हळदीकुंकू मग मंडळातल्या घराघरांत झालं आणि फोन सगळीकडे जाऊन आला. बेटमा गावच्या एका काकूंनी तर फोनलाही ओटी दिली.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा मॉडेल बोलू लागलं. शरदरावांनी जिन्यातूनच विचारलं, "काय भिया, कसं काय?" आणि आतून उत्तर आलं, "बस, मजेत आहे भिया. तुम्ही सांगा, जेवण-बिवण झालं का?" शरदरावांचे डोळे भरून आले. पुण्याच्या बहिणीला त्यांनी लगेच फोन लावला, पण ती गडबडीत होती.

इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडली ती मंडळाच्या सभेत. गणेशोत्सवात मॉडेलचं लोकार्पण करायचं ठरलं आणि नानासाहेबांनी घटना काढली. मंडळाची मालमत्ता बाहेरच्यांना द्यायची नाही, असं कलम निघालं. अपवाद एकच, लग्नकार्यासाठी द्यायची मोठी पातेली. मग मॉडेल पातेल्यात मोडतं का, यावर चर्चा रंगली. पातेलं नेलं की ते मंडळात राहत नाही, मॉडेल नेलं तरी इथं राहतंच, असं वल्लरीने सांगितलं. "मतलब, परत करायला नको?" नानासाहेबांनी विचारलं. "आणि चेपलं तर?" शरदरावांच्या शेजारी राहणारे विक्रांत मोघे हे शहराबाहेर राऊला प्लॉट विकतात आणि जगातल्या प्रत्येक विषयावर सल्ला देतात. ते म्हणाले, "नानासाहेब, आधी रजिस्ट्री करून टाका. बाकी काही असो, कागद क्लिअर पाहिजे."

अखेर मॉडेल पातेल्यांच्या कलमाखाली आलं. आणि मग मोहनरावांनी तो प्रश्न विचारला. "मुक्त म्हणजे नक्की काय काय देणार आपण?"

वल्लरीने सांगितलं की यावर साऱ्या जगात वाद आहे. कुणी म्हणतं, तयार झालेलं मॉडेल फुकट उतरवून घेता आलं की झालं मुक्त. कुणी म्हणतं, ते ज्या बोलण्याच्या साठ्यावर शिकलं तो साठाही द्या, नाहीतर मुक्त म्हणू नका, कारण आत काय घातलं ते कळल्याशिवाय कुणी त्यात सुधारणा करणार कशी? मध्ये एका संस्थेने व्याख्या केली. साठाच दिला पाहिजे असं नाही, पण तो कुठून आणला, कसा निवडला, याची सगळी हकिकत द्या आणि बनवायची रीत द्या. त्यावर दोन्हीकडचे लोक चिडले.

"म्हणजे आपल्यासारखंच मंडळ आहे ते," नानासाहेब समाधानाने म्हणाले.

त्या दिवशी सभेचा उत्साह असा होता की कुणाला मधली वाट नको होती. सगळं द्या, असा एकच गलका झाला. सगळ्यांत मोठा आवाज शरदरावांचा. "दार उघडं म्हणजे उघडं!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "खिडकीतून वाटी पुढं करायची आणि म्हणायचं घर मोकळं आहे, हे आपल्याला जमणार नाही. ऐकू दे जगाला आमची मराठी!" टाळ्या झाल्या. मोहनरावांनी मित्राकडे अभिमानाने बघितलं.

"तरी देण्याआधी आपापल्या घरातलं ध्वनिमुद्रण एकदा ऐकून घ्या," वल्लरी म्हणाली आणि तिने ज्याचं त्याला पाठवून दिलं.

शरदरावांनी ते दुपारी चहा पिता पिता ऐकलं. बायकांचा गलबला, बांगड्या, ताटल्या. मग शशिकलाबाईंचा आवाज, "अहो, निरांजनाला वाती करायच्यात. कापूस कुठंय?" आणि स्वयंपाकघरातून, पन्ह्याचे पेले भरता भरता, खुद्द शरदरावांचा खणखणीत आवाज, "माझ्या जाकिटाच्या खिशात बघ गं! मोहनच्या गाण्याला कानात घालायला ठेवून राहिलोय ना! पण सगळा नको घेऊस, गणपतीत लागेल!"

चहा बशीतच राहिला. हे खरं होतं. गेली कित्येक वर्षं शरदराव मोहनच्या गाण्याला कानात कापूस घालून बसत. मोहनचा उजवा हात वरून खाली आला की 'वा' म्हणायचं, हा हिशेब त्यांनी बसवला होता. मोहनच्या गाण्यात त्यांना जे काही ऐकू येत असे ते पायांतून, फरशीच्या कंपनातून. आणि आता हे वाक्य मुक्त होऊन जगात फिरणार होतं. जगाचं त्यांना काही नव्हतं. ब्राझीलच्या माणसाला कापसाचं काय? पण मोहन ऑडिटर होता. तो साठ्यातलं एकेक वाक्य ऐकणार, हे ब्रह्मदेवालाही टाळता येणारं नव्हतं. शरदरावांना बाकावरची पिशवी आठवली.

ते वर गेले. "वल्लरी बेटा, असं एखादं वाक्य त्यातून काढता येतं का?"

"येतं की काका. कुठलं ते सांगा."

सांगायचं म्हणजे म्हणून दाखवायचं. शरदराव म्हणाले, "नाही, असंच विचारून राहिलो," आणि खाली आले.

पुढच्या सभेत ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या विचारांत फार खोल परिवर्तन झालं होतं. खासगीपणा, घराची अब्रू, पूर्वजांची मर्यादा, सगळं त्यांनी काढलं. "दार उघडं ठेवा, पण कपाटाला कुलूप नको का?" त्यांनी विचारलं. "मॉडेल द्या! साठा कशाला?" त्यांना वाटलं होतं आपण एकटे पडू. पण बघतात तर समोरच्या सगळ्या माना डोलत होत्या. सगळ्यांनी आपापलं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. विक्रांतच्या घरातून राऊच्या प्लॉटला पाणी नसल्याचं बाहेर आलं होतं. मंडळाच्या चिटणीस वसुधाताई, ज्यांच्या बासुंदीचं नाव सराफ्यातल्या मिठाईवाल्यांपर्यंत होतं, त्या तर रुमालाने वारा घेत होत्या. प्रत्येकाला एकाएकी तत्त्वाची फार चाड वाटू लागली होती.

फक्त मोहनराव उभे राहिले. त्यांच्या घरच्या ध्वनिमुद्रणात रियाज तेवढा होता, लपवण्यासारखं काही नव्हतं. माणसाच्या पाठीमागे बोलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. "व्हाउचर न दाखवता हिशेब पास करा म्हणता?" ते म्हणाले. "साठा द्यायचा नसेल तर नका देऊ. लेकिन मग मुक्त म्हणू नका. शरद, परवा तूच तर बोलला होतास, दार उघडं म्हणजे उघडं."

"विचार बदलू नये माणसाने?"

"बदलावा. पण का बदलला ते सांगावं."

तेवढंच तर सांगता येत नव्हतं. आणि खरं उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसं झालं. शरदराव म्हणाले, "तुझं आयुष्य दुसऱ्याच्या चुका शोधण्यात गेलं, म्हणून तुला सगळ्यांची कपाटं उघडायचीत!" मोहनराव खाली बसले. मतदान झालं, फक्त मॉडेल द्यायचं ठरलं, विरोधात एकच हात. वल्लरी म्हणत होती, "पण एक सांगायचं राहिलं, साठा नाही दिला तरी मॉडेलच्या..." तेवढ्यात नानासाहेबांनी घंटा वाजवली. वेळ संपली होती आणि खाली कचोऱ्या गार होऊन राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शरदराव पोहे खायला गेले नाहीत. घरी शशिकलाबाईंनी केलेले पोहे उत्तम होते, त्यात फक्त मोहन नव्हता. चार दिवसांनी दूध आणायचं निमित्त करून ते टपरीच्या समोरच्या बाजूने गेले. मोहन बाकावर एकटाच खात होता. शेजारी पिशवी ठेवलेली होती. एक माणूस ताटली घेऊन आला आणि पिशवी उचला म्हणाला, तर मोहनने मान हलवून नाही म्हटलं. शरदराव दूध न घेताच परत आले. "जाऊन बोला ना त्यांच्याशी," शशिकलाबाई म्हणाल्या. "काय बोलू? कापसाचं?"

गणेशोत्सवाची संध्याकाळ आली. कार्यक्रम छापला होता: आरती, लोकार्पण, नंतर मोहन सबनीस यांचे पद. मॉडेल लाउडस्पीकरला जोडलं होतं आणि वल्लरी नऊवारी नेसून लॅपटॉपपाशी बसली होती. शरदराव जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले. मोहनराव मंचाच्या पायरीशी तंबोरा घेऊन होते. दोघांनीही एकमेकांकडे न बघण्याचं काम फार मेहनतीने चालवलं होतं. शरदरावांनी नेहमीप्रमाणे खिसा चाचपला. कापूस होता. या वर्षी कापूस घालून बसायची त्यांना लाज वाटत होती आणि न घालता बसायची भीती त्याहून जास्त.

आरतीचं ताट तयार झालं आणि कळलं की निरांजनात वाती नाहीत. वसुधाताईंना वाटलं कापूस शशिकला आणणार, शशिकलाबाईंना वाटलं वसुधा आणणार. धावपळ सुरू झाली. "मुहूर्त टळून राहिलाय," नानासाहेब म्हणाले.

"अरे, यंत्राला विचारा ना!" विक्रांतने मागून आवाज दिला. "एवढं हुशार बनवलंय तर सांगू दे, कापूस कुठंय!"

सगळे हसले. वल्लरीलाही ते आवडलं. तिने माइकमध्ये विचारलं, "निरांजनाला वाती करायच्यात. कापूस कुठंय?"

लाउडस्पीकर खरखरला आणि अस्सल इंदुरी मराठीत, एकही शब्द इकडचा तिकडे न करता म्हणाला, "माझ्या जाकिटाच्या खिशात बघ गं! मोहनच्या गाण्याला कानात घालायला ठेवून राहिलोय ना! पण सगळा नको घेऊस, गणपतीत लागेल!"

सभागृहात जाकीट घातलेले बरेच जण होते. पण सगळे एकाच जाकिटाकडे बघत होते.

"हेच सांगायचं होतं मला," वल्लरी हळूच म्हणाली. "साठा कपाटात ठेवला तरी मॉडेलने काही गोष्टी पाठ केलेल्या असतात."

शरदराव उठून जाऊ लागले. शशिकलाबाई मात्र व्यवहारी. त्या सरळ आल्या, नवऱ्याच्या खिशात हात घातला, कापूस काढला आणि उभ्या उभ्या वाती वळू लागल्या. "बसा गप. देव खोळंबलाय," त्या म्हणाल्या. निरांजन लागलं. त्या वर्षीची आरती लोकांनी जितकी खाली मान घालून म्हटली, तितकी कधीच म्हटली नसेल.

आरती संपली तरी कुणी प्रसादाला हललं नाही. वसुधाताईंनी घसा साफ केला. "माझ्या बासुंदीचं पण आहे का गं त्यात?" वल्लरी नको म्हणत होती, पण माइक चालूच होता. लाउडस्पीकर म्हणाला, "वसुधाची बासुंदी ना? दुधाची पावडर आहे ती, सगळ्यांना माहीत आहे, पण बोलायचं कोणी?"

"सगळ्यांना माहीत आहे?" वसुधाताई वळल्या. कुणी छताकडे बघितलं, कुणी गणपतीकडे. "मग इतकी वर्षं वाटी पुसून पुसून कोण खाऊन राहिलं होतं?"

"आम्हीच," नानासाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "चांगली लागते."

कुठूनतरी हसू फुटलं आणि मग ते सभागृहभर पसरलं. हसत नव्हते ते दोघंच. शरदराव कसेबसे उठले आणि पायरीपाशी गेले. सगळं भाषण विसरून ते एवढंच म्हणाले, "मोहन, माफ कर यार. त्या दिवशी सभेत जे बोललो ना, ते या कापसासाठी. तुला कळलं असतं तर तू..."

मोहनरावांनी तंबोरा बाजूला ठेवला. "कापूस पांढरा असतो रे भिया," ते म्हणाले. "स्टेजवरून दिसतो."

"मतलब, तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षापासून. पण बाकीचे सगळे बाहेर भुट्ट्याचा कीस खायला जातात. तू कापूस घालून का होईना, बसतोस." मग म्हणाले, "वाईट त्याचं नाही वाटलं. तू येणं बंद केलंस, त्याचं वाटलं."

शरदरावांनी मोहनचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

"म्हणजे आपला साठा केव्हाचाच मुक्त होता," नानासाहेब म्हणाले. "परवाना तेवढा नव्हता."

मग तिथंच, मंचाच्या पायरीवर, मंडळाची व्याख्या ठरली. वल्लरी म्हणाली, चूक तिची होती, तिने नको त्या ठिकाणी, हळदीकुंकवाच्या दारात, संमती विचारली. "अगं, कुंकू लावताना कोणी नाही म्हणतं का?" शशिकलाबाई म्हणाल्या. "तेव्हा घराचे कागद मागितले असतेस तरी बायका हो म्हणाल्या असत्या." म्हणून आता साध्या दिवशी, कुंकवाशिवाय, घरोघरी पुन्हा विचारायचं. ज्याला द्यायचं त्याचं बोलणं उघड द्यायचं, ज्याला नाही त्याचं काढून मॉडेलला नव्याने शिकवायचं, आणि काय काढलं तेही लिहून ठेवायचं. एवढं झाल्यावरच मुक्त म्हणायचं, तोवर लोकार्पण थांबेल. "हे चालेल," ऑडिटर म्हणाले. वसुधाताईंनी सर्वांत आधी हात वर केला. बासुंदी द्या म्हणाल्या, पावडरीच्या ब्रँडसकट. विक्रांतने तेवढा प्लॉटचा भाग विचार करून सांगतो म्हटलं.

"माझं गाणंही घ्या," मोहनराव म्हणाले. "कुणीही वापरा, बदला, सुधारा."

"सुधारायला वाव आहे बरं का," शरदराव म्हणाले, आणि मोहनने त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. सारं पूर्ववत झालं ते त्या गुद्द्याने.

मग मोहनराव मंचावर चढले आणि आलाप सुरू झाला. सवयीने अर्धं सभागृह उठलं. शरदराव बसले. हात खिशाकडे गेला, पण कापूस देवापुढे जळत होता. आलाप जसा होता तसाच होता, त्यात मैत्रीने काही फरक पडला नव्हता. शरदरावांनी खुर्ची घट्ट धरली आणि तग धरला. आणि मग आलाप संपून शब्द आले. इतक्या वर्षांत ते शब्द त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. कुणीच ऐकले नव्हते. त्यांना आपलं वाटायचं, असेल कुठलं तरी जुनं पद. पण ते पद मोहनचंच होतं, त्यानं स्वतः रचलेलं, फोनला कळत नाही त्या मराठीत.

"सुबे झाली इंदूरला, पोह्यांवर या शेव,
शरद भिया येऊन राहिला, थोडी जागा ठेव."

शरदराव तसेच बसून राहिले. त्यांना बाकावरची पिशवी दिसत होती. मोहनचा उजवा हात वरून खाली आला, पण या वर्षी 'वा' वेळेवर आलं नाही, कारण शरदराव शब्द ऐकत होते. पद संपलं. तेव्हा शरदराव उभे राहिले आणि बाहेर भुट्ट्याच्या स्टॉलवरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "वन्स मोअर!"

स्टॉलवरच्या रांगेचे चेहरे पडले. मंचावर मोहनरावांनी तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला.